एकतीस सप्टेंबरची भाडेपावती

आमच्या केतकीचा इंग्लंडमधला संसार मी जवळजवळ उठवला होता, आणि तोही तिला मदत करता करता. हे मी आपणहून सांगून टाकते, कारण आमच्या घरी हा किस्सा माझे यजमान सांगतात तेव्हा त्यात माझी बाजू येत नाही. (माझी बाजू फार मोठी नाही. पण आहे.)

केतकी आमची एकुलती एक. नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि तिथल्या गॅरेथ नावाच्या सुताराशी तिनं लग्न ठरवलं. जावई सुतारकाम करतो म्हटल्यावर आमच्या नातेवाइकांत जरा शांतता पसरली होती. पण लग्नासाठी तो इथं आला तेव्हा आमच्या देवघराचं तीस वर्षं करकरणारं दार त्यानं दहा मिनिटांत गप्प केलं, आणि दारासोबत नातेवाईकही गप्प झाले. माणूस सोन्यासारखा. वरण-भात चमच्यानं खातो, एवढाच काय तो दोष.

तिकडं लग्नाच्या व्हिसाची तऱ्हा अशी की तो अडीच वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, हे ते बघतातच. पण त्याहून बारकाईनं बघतात ती घरात येणारी कमाई. ती ठराविक रेषेच्या वर असली पाहिजे. प्रेमाला फोटो चालतात. कमाईला मात्र प्रत्येक महिन्याचा कागद लागतो, आणि कागद बँकेच्या नोंदीशी जुळावा लागतो.

आता झालं असं, की नेमक्या त्या वर्षी गॅरेथ शिडीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. सुताराचं उजवं मनगट म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याचं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. केतकीच्या पदरी आठ महिन्यांची ओवी, त्यामुळं ती एका वाचनालयात अर्धा दिवसच जायची. दोघांची कमाई मिळून त्या रेषेच्या खाली गेली. फार नाही, थोडीच. पण सरकारी रेषेच्या खाली थोडं काय आणि फार काय, सारखंच.

एका दुपारी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. (आपली दुपार, म्हणजे त्यांची सकाळ.) चेहरा कितीतरी दिवसांनी खुललेला होता. तिच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की केतकीच्या नावावर भारतात काही मालमत्ता असेल आणि तिचं भाडं वर्षभर नियमित येत असेल, तर तेसुद्धा कमाईत धरता येतं.

"आई, गारखेड्याचा फ्लॅट," ती म्हणाली. "भाडं दर महिन्याला जमा झालंय. एकही महिना चुकलेला नाही. तुझ्यामुळं वाचलो आम्ही."

मी हसले. मोबाइलमध्ये माझा हसरा चेहरा मला दिसत होता, आणि मुख्याध्यापक म्हणून मी असे चेहरे पुष्कळ पाहिले आहेत. ज्या मुलानं काच फोडलेली असते, तो असाच हसतो.

कारण त्या फ्लॅटचं भाडं आम्हाला कुणी कधी दिलेलंच नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. आमच्याच शहरातल्या गारखेडा भागातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट आम्ही केतकीच्या नावानं घेतला होता. तो भाड्यानं देऊन टाक, एजंट बघ, रीतसर करार कर, असं ती पुष्कळ सांगायची. मी म्हटलं, एजंट कशाला, मी बघते. मी फुलंब्रीच्या शाळेत नोकरी केलेली, पंचवीस वर्षं रोज एसटीनं जाऊन-येऊन. तिथली माझी एक विद्यार्थिनी, पूजा, हिला इथल्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. तिचे वडील कडूबा अण्णा. फुलंब्रीजवळ त्यांची चांगली बागाईत शेती आहे. पोरीसोबत तिच्या आईनं इथं राहायचं आणि अण्णांनी येऊन-जाऊन करायचं, असं ठरवून ते फ्लॅट बघायला आले. त्यांना तो आवडला. मग त्यांनी अगदी सरळ विचारलं, "म्याडम, भाडं काय लावता?"

आणि मी, साठी उलटलेली, पेन्शनधारक बाई, मराठी माणसाला शोभेल असं बोलले. म्हणाले, "अहो अण्णा, भाड्याचं काय एवढं. बघू की सावकाश."

माझ्या मते याचा अर्थ असा होता, की आकडा तुम्हीच बोला म्हणजे मला संकोच नको. अण्णांनी याचा अर्थ असा घेतला, की बाईंना आपल्या विद्यार्थिनीकडून पैसे नको आहेत. आता माझ्याच वाक्याचा कोणता अर्थ बरोबर, हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर मी स्वतःच अण्णांना पैकीच्या पैकी दिले असते.

पहिल्या महिन्यात अण्णा आले ते ज्वारीचं पोतं घेऊन. मी म्हटलं, कशाला त्रास घेतलात. दुसऱ्या महिन्यात तूप. मग तूर डाळ, मग आंबे, मग सीताफळं, हिवाळ्यात हुरडा आणि त्यासोबत लसणाची चटणी. दर वेळी मी ठरवायचे की आज भाड्याचं बोलायचंच. दर वेळी अण्णा टोपलं खाली ठेवून म्हणायचे, "तुमच्यामुळं पोरगी शिकतीय म्याडम," आणि मी टोपलं उचलून आत न्यायचे. त्या वाक्यानंतर 'आणि भाडं?' असं विचारू शकणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

पण केतकीला हे कसं सांगणार? ती म्हणणार, आई, तू भोळी आहेस. मी म्हटलं होतं एजंट बघ. ते ऐकायला लागू नये म्हणून मी दर महिन्याला माझ्या पेन्शनमधून तिच्या इथल्या खात्यात पैसे भरू लागले. तिनं जेवढं भाडं येईल असा अंदाज सांगितला होता, बरोबर तेवढेच. ह्यांनाही सांगितलं नाही. हे बँकेतून निवृत्त झालेले. घरात बँकवाला असताना त्याच्यापासून बँकेचे व्यवहार लपवणं सोपं असतं, कारण निवृत्तीनंतर ते बँकेचं नावही काढत नाहीत.

तर वकीलबाईंनी केतकीचा खातेउतारा मागवला आणि पहिला प्रश्न आला. भाडेकरूचं नाव वेगळं आहे, मग पैसे आईच्या खात्यातून का येतात? केतकीनं मला विचारलं. मी म्हणाले, अण्णा रोख देतात, मी भरते. हे मी इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं. दोन दिवसांनी दुसरा निरोप आला. हरकत नाही, दर महिन्याची भाडेपावती आणि भाडेकरूचं सहीचं पत्र तेवढं पाठवा.

मी गुलमंडीच्या बाजारात जाऊन पावतीपुस्तक, बारा रेव्हेन्यू तिकिटं आणि दोन पेनं घेतली, एक निळं आणि एक काळं. सगळ्या पावत्या एकाच शाईच्या दिसायला नकोत, एवढी अक्कल मला होती. मात्र माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, त्यामुळं निळं कोणतं आणि काळं कोणतं हे मला दिसणार नाही, एवढी अक्कल नव्हती. दोन पावत्या निम्म्या निळ्या आणि निम्म्या काळ्या झाल्या. तारीख मात्र मी प्रत्येक महिन्याच्या अखेरची घातली, व्यवस्थित, वळणदार अक्षरात.

हे चालू असताना यजमान पाणी प्यायला आले आणि टेबलापाशी थांबले. त्यांनी एक पावती उचलली, खिडकीपाशी नेली, वाचली आणि परत आणून ठेवली. मग मला सगळं सांगावंच लागलं. ते फार बोलणारे नाहीत. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, "गेलं वर्षभर आपण आपल्याच मुलीच्या फ्लॅटचं भाडं भरतोय, आणि राहतोय इथं."

मी म्हटलं, हो, तसंच म्हणायचं. त्यांनी पावत्यांकडं बोट दाखवून एवढंच विचारलं, की हे बरोबर आहे का. मी म्हटलं, पोरीचा संसार आहे, लेकरू आहे. तिला तो देश सोडावा लागला तर? गॅरेथ तिकडं, ती इकडं, ओवी कुठं? ते आत गेले, आणि त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

रविवारी मी पूजाला सोबत घेतलं आणि फुलंब्रीच्या एसटीत बसले. ज्या रस्त्यानं पंचवीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगायला जात होते, त्याच रस्त्यानं त्या दिवशी पिशवीत बारा खोट्या पावत्या घेऊन चालले होते. त्यात कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं माझं तिकीट स्वतःच्या पैशानं काढतो म्हणून हट्ट धरला, आणि मी आणखीच चोरासारखी आक्रसून बसले.

अण्णांच्या घरी तुरीची काढणी चालू होती. तरीही काम सोडून ते आले, बाज टाकली, चहा झाला. पूजाच्या आईनं, त्या काढणीसाठी आदल्या दिवशीच गावी आल्या होत्या, जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून बजावलं. मी पिशवीतून पावत्या आणि अण्णांच्या सहीसाठी लिहून आणलेलं पत्र काढलं. माझ्या भाषेत सांगितलं, म्हणजे इतकं आडवळणानं सांगितलं की अण्णांना वाटलं, केतकीचा नवरा सरकारी नोकरीला अर्ज करतोय. शेवटी पूजानंच त्यांना दोन वाक्यांत समजावलं. अण्णांनी चष्मा लावला.

मला वाटलं होतं, ते 'कुठं करू सही?' म्हणतील. गावाकडची माणसं मास्तरांच्या कागदावर न वाचता सही करतात, अशी आमची समजूत असते. अण्णांनी पहिली पावती वाचली. दुसरी वाचली. अशा बाराच्या बारा वाचल्या. त्यांची चार गुरं आणि मी, आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो.

"म्याडम," ते म्हणाले, "म्या पैसे दिलेच नाय, तं दिले म्हणून सही कशी करू?"

तेवढ्यात पूजानं एक पावती उचलली, कपाळाला आठी घातली आणि मूठ वळून बोटांची हाडं मोजली. मी शिकवलं होतं तसंच.

"मॅडम, सप्टेंबर तीसचा असतो ना?" ती म्हणाली.

मी एकतीस सप्टेंबरला भाडं घेतलं होतं. त्यावर रेव्हेन्यू तिकीटही लावलं होतं.

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. पण फुलंब्रीची ती काळी जमीन एरवी ओल आटली की भेगाळते, आणि त्या साली नेमका पाऊस बरा झाला होता. हसलं कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी सगळ्या पावत्या गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात परत दिल्या.

मग त्यांचा आवाज बदलला. त्यांना खरं लागलेलं होतं ते वेगळंच. म्हणाले, तुम्हाला पैसे पायजे व्हते तर मला एकदा बोलायचं. वर्षभर तुमच्या पेन्शनीतून जातंय आन मी तुमच्या दारी तूप घेऊन येतोय, मोठा दानशूर असल्यावानी. लई वंगाळ केलं तुम्ही, म्याडम. मी म्हटलं, अण्णा, चूक माझी आहे. ते म्हणाले, व्हय, तुमचीच हाय. गावाकडं कुणी इतकं सरळ बोललं की शहरातल्या माणसाला बरं वाटतं, कारण त्यानंतर लपवायला काही उरत नाही. मी पदर डोळ्याला लावला. पूजाच्या आईनं ताट वाढलं. मी रडत रडत दोन भाकरी खाल्ल्या, कारण आमटी फार चांगली होती.

निघताना अण्णा म्हणाले, वर्षाचं भाडं उद्याच्या उद्या एकदम देतो, पण मागच्या तारखेचं लिहून देणार नाय. मी म्हटलं, मागचं राहू द्या. (त्यांनी ते राहू दिलं नाही, तीन हप्त्यांत दिलंच. मी 'कशाला' म्हणणार होते, पण पूजानं माझ्याकडं पाहिलं.)

आता केतकीला सांगणं उरलं होतं. सोमवारी दुपारी मी फोन लावला. यजमान शेजारी येऊन बसले. मला धीर द्यायला की मी पुन्हा आडवळण घेऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही. पडद्यावर केतकी, तिच्या मांडीवर ओवी, आणि मागं गॅरेथ डाव्या हातानं भांडी घासत होता. मी सगळं सांगितलं. ज्वारी, तूप, पेन्शन, पावत्या, एकतीस सप्टेंबर, सगळं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "डोळ्यांचं ऑपरेशन तू दोनदा पुढं ढकललंस. ते यासाठी?"

मी म्हटलं, नाही गं, डॉक्टरच म्हणाले की थांबू. यजमान शेजारून म्हणाले, "यासाठीच." हा माणूस वर्षात दोनदा बोलतो आणि दोन्ही वेळा नको तिथं.

केतकी रडायला लागली. तिला बघून ओवी रडायला लागली. गॅरेथला मराठी कळत नाही, त्याला वाटलं इकडं कुणी तरी गेलं. तो साबणाच्या हातानं धावत आला आणि पडद्यावर आम्ही दोघंही जिवंत दिसल्यावर आणखीनच गोंधळला. त्याला सगळं समजावून सांगायला तिला पाच मिनिटं लागली. ऐकून तो खाली बसला आणि इंग्रजीत मला म्हणाला, की आमचं लग्न टिकवण्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं, आणि कृपा करून पुन्हा करू नका.

केतकीनं वकीलबाईंना खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की हे आत्ता बोललात ते फार बरं झालं. त्या पावत्या अर्जासोबत गेल्या असत्या आणि कुणाच्या लक्षात आलं असतं, तर नुसता हा अर्ज नाही, पुढचे सगळेच अर्ज अडचणीत आले असते. हे वाचून मी दिवसभर अंथरुणावर पडून होते. भाडं हिशेबातून गेलं. मात्र व्हिसा संपायला आठ महिने होते, आणि दोघांनी मिळून सलग सहा महिने त्या रेषेच्या वर कमावून दाखवलं, तर काम होण्यासारखं होतं.

मग केतकीनं वाचनालय सोडलं आणि एका दवाखान्यात पूर्ण वेळ काम धरलं. फोन घ्यायचे, पेशंटना वेळा द्यायच्या. घरी ओवीला सांभाळायला गॅरेथ. मनगट सुधारत होतं, तसा तो घरातल्या घरात छोटी कामं घेऊ लागला. त्याला रोज तासभर मोकळा मिळावा म्हणून माझी नेमणूक झाली. रोज दुपारी तो फोन बरणीला टेकवून ओवीसमोर ठेवायचा आणि मी इथून तिला गाणी, गोष्टी, चिमणी-कावळा असं काही काही करत बसायचे. सात समुद्रांपलीकडून नात सांभाळणं सोपं नाही. ती पडद्याबाहेर रांगत गेली की मी 'गॅरेथ, गॅरेथ' म्हणून इथं ओरडायचे आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

एके दिवशी अंगाई म्हणता म्हणता मलाच झोप लागली. ओवी टक्क जागी. तिनं म्हणे पाऊण तास आजीच्या नाकपुड्या बघितल्या, एकदाही रडली नाही. गॅरेथ आला, त्यानं मला वासलेल्या तोंडानं आडवी पाहिली, हाका मारल्या, मी हलेना. घाबरून त्यानं ह्यांना फोन केला. हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. ते दारात आले, त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि फोनवर सांगितलं, "शी इज वर्किंग."

सहा महिने असे गेले. त्या काळात मी डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं करून घेतली. केतकीनं तारीख स्वतः डॉक्टरांशी बोलून ठरवली, मला विचारलंही नाही. अण्णांशी रीतसर करार झाला. ते एक तारखेला भाडं थेट केतकीच्या खात्यात पाठवतात. अर्ज गेला, आणि मग काही आठवडे आम्ही दोघं घरात एकमेकांशी फारच हळू बोलत होतो, जणू मोठ्यानं बोललो तर तिकडच्या अधिकाऱ्याला ऐकू जाईल. एका संध्याकाळी केतकीचा कॉल आला. तिनं नुसता कागद पडद्याला चिकटवला. मला एक अक्षर दिसेना, एवढा जवळ. पण मागं गॅरेथ ओवीला खांद्यावर घेऊन नाचत होता, ते दिसलं. यजमान उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत राहिले. त्या दिवशी सकाळीच पाणी घातलेलं होतं.

आता आमच्या कॉलनीत मला व्हिसामधलं कळतं असा समज पसरला आहे. परवा समोरच्या वहिनी आल्या. त्यांचा मुलगा कॅनडात, सून तिकडचीच, आणि त्यांचंही असंच कागदपत्रांचं काही तरी अडलेलं. वहिनी वही-पेन घेऊनच आल्या होत्या. म्हणाल्या, आई म्हणून मी इथून काय काय करायला हवं, ते नीट सांगा.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काहीच करू नका. जमेल का?"

त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रयत्न करते."

"नाही," मी म्हटलं, "तोसुद्धा करू नका."